पडद्यावरच्या मुंग्या परवडल्या!

मंडळी, या वीकेंडला विषय आहे टीव्हीचा अँटेना. हसू नका. नेटफ्लिक्सच्या जमान्यात हा कुठला जुना बाजार उघडून बसला असं वाटत असेल, तर दहा मिनिटं दम धरा.

अँटेना नीट नसला की पडद्यावर जे काळेपांढरे ठिपके नाचायचे, त्यांना इंग्रजीत ‘स्नो’ म्हणतात. बर्फ. आपण म्हणायचो मुंग्या. बरोबरच आहे, आपल्याकडे बर्फ पडलेला बघितलाय कोणी? आमच्या बाळकुमला बर्फ म्हणजे कोळणीच्या टोपलीत मासळीवर टाकतात तो. पण ‘हवा बिघडली की टीव्ही का जातो’ असं नेटवर शोधायला जा, निम्मी माहिती बर्फाचीच मिळते. डिशवरचा बर्फ झाडूने हलकेच झाडा, उकळतं पाणी ओतू नका, वगैरे. शिकागोला असलेला माझा मावसभाऊ जानेवारीत कानटोपी घालून हे खरंच करतो. आमच्याकडे जुलैत झाडू घेऊन वर जाऊन काय झाडायचं? पाऊस?

तर आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असलेलं वाक्य म्हणजे ‘पावसात डिश जाणारच’. गेल्या पावसाळ्यात आमचं चित्र सलग दोन संध्याकाळी गेलं तेव्हा आईने कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, वेदर इश्यू आहे, पाऊस थांबला की येईल.” (कंपनीचं नाव देत नाही, सगळ्यांचं उत्तर हेच असतं.) आईने “बरं” म्हणून फोन ठेवला. माझं भांडण आहे ते त्या “बरं”शी. आपण सगळ्यांनीच हे मान्य करून टाकलंय की ज्या दिवशी बाहेर काय चाललंय हे कळायची सर्वात जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवशी टीव्ही बंद पडणार आणि तो निसर्गाचा नियम आहे. माझं म्हणणं असं की हा निसर्गाचा नियम नाहीच. पावसाला भीक न घालणारा टीव्ही आपल्याकडे होता. आपण तो बंद केला आणि त्याच्या जागी तसं दुसरं काही घराघरात पोहोचवलं नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची, नोकरी जावाचा कोड लिहायची. त्यामुळे चार वर्षं घासलेला अँटेनाचा पेपर कुठेतरी वापरायची ही एकमेव संधी आहे, ती मी सोडणार नाही.

तुमच्या खिडकीबाहेरची डिश साधारण १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी पकडते. त्या लहरीची लांबी भरते अडीच सेंटीमीटर. पावसाचा जाड थेंब असतो तीन ते पाच मिलिमीटरचा. म्हणजे लहर आणि थेंब एकमेकांच्या तोडीस तोड. थेंब लहरीची शक्ती शोषतो, उरलेली इकडे तिकडे उधळतो. ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल (आपल्याकडची जुलैची चांगली सर) तर दर किलोमीटरला साधारण पाच डेसिबल जातात. तसा पाऊस वाटेत तीन किलोमीटर लागला की पंधरा डेसिबल, म्हणजे सिग्नलचा बत्तिसावा हिस्सा हातात उरतो. डिशला एवढी वजावट सोसत नाही. त्यात डिजिटलचा स्वभाव कड्यासारखा. कड्यापर्यंत चित्र एकदम चकाचक, एक पाऊल पुढे आणि निळा पडदा. अ‍ॅनालॉगच्या मुंग्यांमधून निदान बातमीदाराचं तोंड दिसायचं आणि आवाज कळायचा.

आता गंमत बघा. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला उभा आहे. बाळकुमहून डिश आग्नेयेला वळवून जवळजवळ ५७ अंश वर करावी लागते. भर पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंश तापमान जमिनीपासून पाचेक किलोमीटर वर असतं. त्याच्या वर ढगात बर्फच असतो! म्हणजे भर जुलैत बाळकुमच्या डोक्यावर बर्फ पडतच असतो, फक्त खाली येईपर्यंत त्याचं पाणी होतं. उपग्रहाचा सिग्नल आधी त्या बर्फातून येतो आणि मग जवळजवळ सहा किलोमीटर पावसाच्या पट्ट्यातून. बर्फ त्याला फारसं काही करत नाही, मार बसतो तो पाण्याचा. कारण सोपं आहे. पाण्याचे रेणू मोकळे असतात, लहरीच्या तालावर हलायला बघतात आणि त्यात तिची शक्ती उष्णतेत संपते. बर्फात ते जखडलेले असतात. फ्रीझरमधली गोठलेली भाजी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून बघा, कडेचं पाणी उकळायला लागतं आणि मधला गोळा तसाच राहतो. तेच हे.

म्हणून थंड देशांतही कोरडा भुरभुरीत बर्फ पडताना टीव्ही बहुतेक वेळा चालू राहतो. त्रास होतो ओल्या, चिकट बर्फाचा, जो डिशवर थापला जातो. मावसभावाचा झाडू त्यासाठी. म्हणजे त्याचा प्रॉब्लेम झाडूने सुटतो. आपला सहा किलोमीटर उंच... म्हणजे तिरका लांब आहे.

आता जुना अँटेना. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याचं मूळ चॅनेल होतं ६१ ते ६८ मेगाहर्ट्झमधलं, लहरीची लांबी साडेचार मीटरच्या वर. साडेचार मीटरच्या लहरीसमोर पाच मिलिमीटरचा थेंब म्हणजे ट्रकसमोर मुंगी. पाऊस पडतोय की नाही हे त्या लहरीला कळतसुद्धा नाही. पुढे जे यूएचएफ चॅनेल आले, पाचसहाशे मेगाहर्ट्झवाले, त्यांचीही लहर अर्ध्या मीटरच्या आसपास. तिथेही पावसाने होणारी घट मोजायला गेलात तर हाताला काही लागत नाही. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा सुमारे तीनशे मीटर उंच. एवढ्या उंचीवरून रेडिओ लहरींचं क्षितिज सत्तरेक किलोमीटरवर येतं. बाळकुम तिथून तीसएक किलोमीटरवर, म्हणजे हातभर अंतर. कल्याणसुद्धा टप्प्यात. डोंबिवलीकरांच्या आड पारसिकचा डोंगर येतो, पण एवढी लांब लहर डोंगराच्या माथ्यावरून थोडी वळून पलीकडे उतरते. अँटेना जरा उंच बांधला की झालं.

इथे तुमच्या घरातले वडीलधारे हमखास म्हणतील, “अरे, पण पावसात अँटेना पण जायचा की!” जायचा. पण आकाशामुळे नाही जायचा. गच्चीवरून टीव्हीपर्यंत जी चपटी, दोन तारांची ३०० ओहमची वायर यायची, ती भिजली की सिग्नल खायची. जोडाला गंज चढायचा, वाऱ्याने काठी फिरायची आणि त्यावर घार येऊन बसायची ती वेगळीच. हे सगळे प्रॉब्लेम पन्नास रुपयांची चांगली वायर, रबरी टोपी आणि एक घट्ट नट यांनी सुटणारे होते. सहा किलोमीटर पाऊस कुठल्या नटाने घट्ट करणार?

हवेचा खरा परिणाम या लहरींवर होतो तो उलट्या बाजूने, आणि तोही पाऊस नसताना. थंडीच्या किंवा उन्हाळ्याच्या दिवसांत समुद्रावर गार दमट हवेचा थर खाली आणि गरम कोरडा थर वर असा प्रकार झाला की मध्ये लहरींसाठी एक बोगदाच तयार होतो. मग सिग्नल क्षितिजाला न जुमानता शेकडो किलोमीटर जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारला उन्हाळ्यात हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत. ही अभ्यासाच्या पुस्तकात गेलेली गोष्ट आहे, कट्ट्यावरची थाप नव्हे. उंच अँटेना लावून कराचीच्या मालिका बघितल्याच्या आठवणी सांगणारे काका त्यामुळे सगळेच्या सगळे थापाडे नसतात बरं का. अशा रात्री दोन स्टेशनं एकमेकांत मिसळून चित्राला पट्टे पडायचे, एवढाच काय तो त्रास. पुराच्या दिवशी नव्हे, छान चांदण्या रात्री.

मग हा टीव्ही गेला कुठे? प्रसार भारतीने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद करत आणलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केलं की मोक्याच्या ठिकाणची साधारण पन्नास केंद्रं सोडून बाकी सगळी मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. कारण काय तर जुनाट तंत्रज्ञान. अ‍ॅनालॉग जुनाट होतं हे मला शंभर टक्के मान्य आहे. एका चॅनेलला आठ मेगाहर्ट्झ उधळायची आणि वर मुंग्याही बघायच्या, कशाला? पण ‘अ‍ॅनालॉग’ जुनाट आणि ‘जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं’ जुनाट, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिल्याचं नाव सांगून दुसरंही भंगारात काढलं. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन जुनं झालं म्हणून अपग्रेड करायच्या ऐवजी अख्खा सर्व्हरच उचलून बाहेर ठेवला.

अपग्रेड नव्हतं असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केल्याचं जाहीर केलं, त्यात मुंबई होती, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) होतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर पाच चॅनेल, फुकट, साध्या अँटेनावर. २०१७ मध्ये ट्रायने शिफारसही केली की खाजगी कंपन्यांना यात येऊ द्या आणि २०२३ अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने सगळं डिजिटल करा. पण हे सगळं बघायचं कशावर? त्यासाठी टीव्हीत डिजिटल ट्यूनर लागतो. तो प्रत्येक टीव्हीत असलाच पाहिजे असा नियम आपल्याकडे झाला नाही. तुमच्या घरी कोणाला माहीत होतं का हे? मी ऑफिसात बारा जणांना विचारलं, सगळे इंजिनिअर. एकालाही नाही.

अमेरिकेने हे कसं केलं बघा. तिथे आधी नियम आला की १ मार्च २००७ पासून देशात येणाऱ्या प्रत्येक टीव्हीत डिजिटल ट्यूनर हवाच. मग जुन्या टीव्हीवाल्यांना कन्व्हर्टर घ्यायला सरकारने घरटी चाळीस-चाळीस डॉलरची दोन कुपनं दिली. आणि मग १२ जून २००९ ला मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग बंद. ब्रिटनने २००८ ते २०१२ अशी चार वर्षं भागाभागाने हेच केलं. म्हणजे ज्या देशांत डिश, केबल, ब्रॉडबँड सगळं आपल्याआधी आलं, त्यांनीही मनोरा आणि अँटेना टाकून दिला नाही. आपल्याकडे मात्र डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टीव्हीसाठी मानक काढलं, ते टीव्हीत आतच उपग्रहाचा ट्यूनर असण्याबद्दल! म्हणजे सेट टॉप बॉक्सचा खर्च वाचेल, चांगलंच आहे. पण पाऊस आला की तो टीव्हीही जाणार.

आता तुमचे आक्षेप मला ऐकू येतायत.

पहिला, “टीव्ही बघतो कोण? सगळं मोबाईलवर आहे.” बाबा रे, तू बघत नाहीस. आमच्या गावठाणात चार वाजता दार लोटून आजी काय बघते ते येऊन बघ. आणि मोबाईलचं म्हणशील तर १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय? ग्रिड बसला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज सकाळी गेली. वर्क फ्रॉम होम चालू होतं, काही तासांत कित्येकांचं नेटवर्कही लटकलं. मोबाईलचे टॉवर शेकडो, प्रत्येकाला बॅटरी, प्रत्येकाला डिझेल, आणि संकट आलं की सगळे एकाच वेळी फोन लावणार. मनोऱ्याचं तसं नसतं. एक बघो की एक कोटी बघोत, लोड सारखाच. आपण स्केलेबिलिटीवर तासन्‌तास मीटिंगा करतो ना? प्रक्षेपणाएवढी स्केलेबल गोष्ट अजून कोणी काढलेली नाही.

दुसरा, “वीज गेली तर तुझा अँटेनावाला टीव्ही तरी कुठे चालणार?” मान्य. पण सोसायट्यांत जनरेटर आहेत, घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि जोराची सर आली की वीज दर वेळी जातेच असं नाही. डिश मात्र वीज असतानाही जाते. शिवाय छोट्या बॅटरीवर चालणारा अँटेनाचा टीव्ही करता येतो. मोबाईलला डिश बांधून फिरता येत नाही.

तिसरा आक्षेप जरा दमदार आहे. “स्पेक्ट्रम महाग आहे, पाच चॅनेलसाठी कशाला अडवून ठेवायचा?” महाग? २०२२ च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा विकायला काढला होता, त्याला एकही बोली आली नाही. आणि सरकार स्वतःच ५२६ ते ५८२ मेगाहर्ट्झमध्ये थेट मोबाईलवर टीव्ही पोहोचवायचे प्रयोग करतंय, आयआयटी कानपूर त्यात आहे. म्हणजे मनोऱ्यावरून प्रक्षेपणाची गरज आहे हे सरकारलाही कळलंय. उत्तम. माझी मागणी एवढीच की तो प्रयोग आल्हाददायक जानेवारीत करून टाळ्या वाजवू नका. जुलैत ठाण्यात या, बाळकुम नाक्यावर उभे राहा आणि तिथे दाखवा. आणि नवा फोन न परवडणाऱ्याच्या भिंतीवरच्या टीव्हीलाही तो सिग्नल मिळू द्या.

हे सगळं एवढं मनाला का लावून घ्यायचं? कारण बाळकुमच्या अंगाला खाडी आहे. कशेळीच्या पुलाखालून जे पाणी जातं ते उल्हास नदीचं. वर बदलापूर-वांगणीकडे नदी फुगली की त्याचा खाली हिशेब लागतो. जुलै २०१९ मध्ये तिकडेच महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारभर माणसं बोटींनी काढावी लागली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, पण कोण कुठे अडकलंय हे कळत नाही म्हणून दारात उभी राहिलेली मोठी माणसं मला आठवतात. अशा दिवशी ‘धरणाचं पाणी सोडलंय, खालच्या अंगाला राहणाऱ्यांनी वर जा’ हे एक वाक्य मराठीत, आवाजात, फुकट, प्रत्येक घरात पोहोचलं पाहिजे. ते वाक्य आपण १२ गिगाहर्ट्झवर ठेवलंय. म्हणजे ज्या पावसाबद्दल ते सांगायचं, त्याच पावसाच्या मागे लपवून ठेवलंय.

तोवर काय करायचं? डिश बसवून घेताना साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची घ्या, साडेतीन डेसिबलचा फायदा होतो. हलक्या मध्यम सरीत तो पुरतो, ढगफुटीत नाही. मे महिन्यात एकदा दिशा नीट लावून घ्या आणि वायरीचे जोड बघून घ्या. समोर नवा चाळीस मजली टॉवर उभा राहतोय का तेही बघा, कारण काँक्रीटमधून सिग्नल कुठल्याच ऋतूत येत नाही. आणि सेल घालून चालणारा एक एफएम रेडिओ घरात ठेवा. एफएमची लहर तीन मीटर लांब असते, पाऊस तिला शिवत नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मोबाईल कंपन्यांना सांगितलं होतं की फोनमधला एफएम बंद करू नका, संकटात तो उपयोगी पडतो. म्हणजे रेडिओबद्दल जे कळतं ते टीव्हीबद्दल का कळत नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

आपल्या धंद्यात ‘लेगसी’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. पण कुठलीही जुनी सिस्टिम बंद करण्याआधी एक चेकलिस्ट असते. ती काय काय करत होती, आणि त्यातलं प्रत्येक काम आता कोण करणार? अँटेनाच्या बाबतीत ‘भर पावसात चालू राहणे’ ही ओळ त्या यादीत कोणी लिहिलीच नाही. ती लिहा, टीव्हीच्या मानकात जमिनीवरच्या प्रक्षेपणाचा ट्यूनर घाला, आणि मनोऱ्यावरून निदान एक मराठी चॅनेल प्रत्येक टीव्हीला दिसेल असं करा. एवढंच मागणं आहे.

बघा पटतंय का. नसेल पटत तर जुलैत बोलू. फोन लागला तर!